विषय विचाराधीन आहे

माझ्या मुलीला ताप आलाय ही बातमी मला वरच्या मजल्यावरच्या चड्ढाकडून कळली. जिन्यात भेटला, हातात दुधाची थैली, आणि काळजीच्या सुरात म्हणाला, "गणवीर जी, समता बिटिया का बुखार उतरा?"

मी म्हणालो, "कौन सा बुखार?"

चड्ढाने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीत एवढ्या वर्षांत कमावलेली माझी इभ्रत जिन्यावरून घरंगळत खाली गेली. बाप मी, आणि बातमी चड्ढाकडे! बरं, मुलगी काही सातासमुद्रापार नाही. गुडगावला नोकरी करते, तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. नुकतीच मेट्रो तिथवर गेली आहे, आमच्या आय.एन.ए. स्टेशनात बसलं की थेट गुडगाव. इथून डबा पाठवला तर भाजी कोमट तरी पोचेल, एवढंच अंतर. पण आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे मी विचारणार "जेवलीस का?", ती म्हणणार "हो", मग मी फोन लतिकाकडे देणार. लतिका म्हणजे आमची सौ. त्या दोघींचं मग बराच वेळ चालतं, पण त्यातला ताप माझ्यापर्यंत येत नाही.

चड्ढाने आपला मोबाइल काढून मला सगळा पुरावा दाखवला. एकशेचाळीस अक्षरांत मावेल तेवढंच लिहायचं, असं एक संकेतस्थळ निघालं आहे. त्यावर माझी मुलगी दिवसभर लिहीत होती. सकाळी ताप, दुपारी मैत्रिणीनं केलेली पातळ खिचडी, संध्याकाळी साहेबाच्या अकलेविषयी चार शब्द. सगळं जगजाहीर. चड्ढा ते रोज चहाबरोबर वाचत होता. म्हणजे मूळ पत्र तिसऱ्यालाच आणि बापाला साधी प्रतसुद्धा नाही. आमच्या मंत्रालयात असं झालं असतं तर मी डिस्पॅचच्या क्लार्कला मेमो दिला असता.

मी घरी येऊन लतिकाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "उतरला की ताप. परवाच उतरला."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही विचारलंत, जेवलीस का. जेवली होती ती."

या घरात नियमावर बोट ठेवून बोलायची सवय माझ्यामुळेच लागली असेल, पण ती माझ्यावरच उलटावी हे बरं नाही.

तर मी खातं उघडलं. नाव, हुद्दा, मंत्रालयातला खोली क्रमांक, दूरध्वनी आणि मोबाइल, असं सगळं रीतसर भरलं. पत्रावर पत्ता नसेल तर त्याला पत्र म्हणत नाहीत. घरात या प्रकाराला 'चिवचिव' असं नाव पडलं. "बाबा चिवचिववर आलेत," असं लतिकानं समताला फोनवर सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ हसू ऐकू येत होतं. पण तिनं मला लगेच फॉलो केलं, आणि वर लिहिलं, "बाबा, तुम्ही इथे पण? वेलकम!" त्या संध्याकाळी मी दोनदा चहा प्यालो. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण आमच्यात राजाभाऊ आहेत. राजाभाऊ आमच्या मराठी मंडळाचे सहचिटणीस. मंडळात सगळ्यांच्या आधी लॅपटॉप घेतल्यामुळे तंत्रज्ञानावर त्यांचा शब्द शेवटचा मानतात. ते आले, माझं खातं पाहिलं आणि डॉक्टर एक्सरे पाहून करतो तसा चेहरा केला.

"तीन फॉलोअर, अंबादासराव?"

"मुलगी आहे, चड्ढा आहे, आणि तिसरा एक पानिपतचा चादर-कांबळवाला आहे."

तिसरा का आला होता हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण दिल्लीतल्या मराठी माणसाच्या मागे पानिपत लागलं की त्यानं सावध व्हायला हवं, एवढा इतिहास तर मी शाळेत शिकलो होतो.

राजाभाऊ म्हणाले, "यार, नुसतं खातं उघडून काय होतंय? खरी मजा टूल्समध्ये आहे. थर्ड पार्टी टूल्स. मुलीनं बापाकडे बघायला पाहिजे ना? मग बापात काहीतरी बघण्यासारखं पाहिजे."

थर्ड पार्टी हा शब्द मला फक्त स्कूटरच्या विम्यातून माहीत होता, आणि तिथं तो धडक बसल्यावरच कामाला येतो. पण 'मुलीनं बघायला पाहिजे' हे वाक्य माझ्या मनात रुतलं. समता रोज कितीतरी जणांना उत्तरं देत होती, विनोद करत होती, भांडत होती. माझ्या 'आज हवामान कोरडे आहे' या संदेशाला मात्र तिनं उत्तर दिलं नव्हतं. मी म्हणालो, "राजाभाऊ, बसवा टूल."

पहिलं टूल वेळापत्रकाचं. आज लिहून ठेवायचं, ते ठरल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होतं. हे मला मनापासून पटलं. पूर्वतयारी हा शासनाचा आत्मा आहे. मी दोन रविवार बसून पुढल्या महिन्यांची सुप्रभातं, शुभरात्री, सुविचार आणि सणावारांची अभिवादनं लिहून काढली. त्यातच वसाहतीच्या पाण्याचं एक निवेदन होतं. टाकी दुरुस्तीला निघाली होती आणि मेंटेनन्सच्या इंजिनिअरनं सोमवारी पाणी येईल असा मला शब्द दिला होता. मी सोमवारची नोंद करून टाकली, 'लक्ष्मीबाई नगरमध्ये पाणीपुरवठा पूर्ववत सुरू. संबंधितांचे आभार.'

पहिली अडचण अशी की त्या टूलचं घड्याळ अमेरिकेचं निघालं. माझं सुप्रभात इथं दिवेलागणीला उगवायला लागलं आणि शुभरात्री लोकांच्या नाश्त्यात. समतानं विचारलं, "बाबा, तब्येत ठीक आहे ना?" मला आनंद झाला, कारण काही का असेना, विचारलं तर होतं.

दुसरी अडचण सोमवारी आली. संध्याकाळी दारावर थापा. उघडतो तो आख्ख्या ब्लॉकातल्या बायका, प्रत्येकीच्या हातात बादली. सोमवारचं निवेदन सोमवारीच प्रसिद्ध झालं होतं, चड्ढाने ते मोठ्यानं वाचून सगळ्या जिन्यांत पोचवलं होतं, आणि नळ मात्र खडखडीत कोरडे होते. पाणी आलंय आणि ते गणवीरांनी अडवलंय, असा एकूण निष्कर्ष निघाला होता. एक बंगाली वहिनी आमच्या न्हाणीघरापर्यंत जाऊन खात्री करून आल्या. त्यांनी झाकून ठेवलेलं पिंप पाहिलं. मग पुढचे काही दिवस मी जिन्यातून जाताना दारं लागल्याचे आवाज ऐकत होतो.

लतिका म्हणाली, "अहो, तुम्हाला तिला भेटायचंय ना? मेट्रोत बसा आणि जा. डबा देते."

मी तिला समजावलं की असं उठून जाण्यात काही पद्धत नाही. मुलगी कामात असते. तिनं बोलावलं पाहिजे, निदान आपण येत आहोत हे तिला अगोदर कळवलं पाहिजे, आणि कळवायचं तर ती जिथं असते तिथंच कळवलं पाहिजे. लतिकानं डबा परत फडताळात ठेवला.

दुसरं टूल चड्ढाने सुचवलं, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. आपल्याला कोण सोडून गेलं ते हे टूल रोज सकाळी कळवतं. माणसानं आपली मानहानी रोज टपालानं मागवून घ्यावी अशी व्यवस्था कुणाच्या डोक्यातून निघाली असेल? पहिल्याच सकाळी कळलं की मला चड्ढानेच सोडलं आहे. बहुधा टूल चालतंय की नाही हे पाहायला त्यानं केलं असावं. पण मी त्या दिवशी त्याच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. त्यानं त्याची मारुती माझ्या स्कूटरला टेकवून लावली. मी वसाहत समितीकडे तक्रार केली. समितीचा अध्यक्ष चड्ढाच आहे हे माझ्या लक्षात होतं, पण तक्रार ही तक्रार असते.

पानिपतवाला मात्र सोडून गेला नाही.

राजाभाऊंनी मग प्रतिष्ठा मोजणारं टूल आणलं. ते आपल्याला गुण देतं आणि कुठल्या विषयावर जग आपलं ऐकतं तेही सांगतं. राजाभाऊंना एकेचाळीस गुण होते आणि त्यांचा विषय होता 'संस्कृती'. मला अकरा मिळाले. माझा विषय आला 'गाद्या-उशा'. मी राजपत्रित अधिकारी आहे. माझ्या सहीनं लोकांचे दाखले खरे ठरतात. राजाभाऊंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. फॉलोअर वाढवू या, चलो." त्यांचा तो हात मला अजून जाणवतो.

फॉलोअर वाढवायचं टूल असं की त्याला एक शब्द द्यायचा. तो शब्द जो कोणी लिहील त्याच्या मागे आपलं खातं आपोआप जातं, आणि तो भिडेखातर आपल्या मागे येतो. मी शब्द दिला 'गुडगाव'. तर्क सरळ होता. मुलगी गुडगावची, तिचे मित्र गुडगावचे, तिथं काय चाललंय ते कळेल, चार ओळखी होतील, एखाद दिवशी तीच म्हणेल, "बाबा, तुम्हाला तर सगळे ओळखतात!"

गुडगाव हा शब्द त्या वर्षी कोण लिहीत होतं, याचा मी विचार करायला हवा होता. गुडगावात राहणारे तो लिहीतच नव्हते. तो लिहीत होते प्रॉपर्टी डीलर.

दोन-चार दिवसांत माझ्या मागे डीलरांची फौज उभी राहिली. सोहना रोड, द्वारका एक्स्प्रेस-वे, अजून उगवायचे असलेले सेक्टर, पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस, खिडकीतून अरवली. प्रत्येक जण खाजगी संदेश पाठवी. माझा मोबाइल नंबर मी स्वतःच जगाला दिलेला असल्यानं फोनही करी. त्यातच राजाभाऊंनी एक सोय करून ठेवली होती, की प्रत्येक संदेश एस.एम.एस. होऊन मोबाइलवर यावा, म्हणजे समतानं काही लिहिलं तर चुकायला नको. एका बैठकीत डायरेक्टर मॅडम पूरग्रस्तांविषयी बोलत असताना माझा खिसा सतत टुणटुणत होता. मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या, "गणवीर जी, कोई एमर्जन्सी?" मी पडद्यावर पाहिलं आणि खरं ते सांगितलं, "नहीं मॅडम, रेडी टू मूव्ह." त्या दिवसापासून मोबाइलवर येणारे ते संदेश मी बंद केले.

पण पेटीत संदेश साठतच राहिले. आणि मला चैन पडेना. कारण मी ज्या सेवेत वाढलो तिचा पहिला नियम असा, की आलेलं कुठलंही पत्र अनुत्तरित राहता कामा नये. उत्तर देणं वेगळं आणि निर्णय घेणं वेगळं, हे नवीन लोकांना कळत नाही. निर्णय वर्षभर लागला तरी चालेल, पोच मात्र गेली पाहिजे. माझ्या सेक्शनची पोच कधीही चुकलेली नाही. माझ्याकडे सहाशे डीलरांची पत्रं बिनपोचेची पडली आहेत हा विचार मला जेवताना छळायला लागला.

"आपोआप उत्तर देणारं टूल आहे की," राजाभाऊ म्हणाले. "मजकूर फक्त तुम्ही द्या."

मजकुराचा मसुदा मी स्वतः केला. अनेक वर्षं राजभाषेत टिपणी लिहिल्यामुळे तो हिंदीतच आला. बऱ्याच खाडाखोडीनंतर जे सिद्ध झालं ते असं होतं: 'आपका पत्र प्राप्त हुआ। विषय विचाराधीन है। उचित समय पर सूचित किया जाएगा। कृपया अनुस्मारक न भेजें।' अनुस्मारक म्हणजे रिमाइंडर. हे शेवटचं वाक्य डीलरांसाठी होतं. एकही शब्द जास्त नाही, कशालाही होकार नाही, कशालाही नकार नाही. मी तो मसुदा लतिकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "समतानं काही लिहिलं तर तिलाही हेच जाईल का?" मी म्हणालो, "समता काय लिहिणार आहे? आणि लिहिलं तर मी बघेनच की."

आणि टूल सुरू केलं. मला गाढ झोप लागली.

डीलर थांबले नाहीत. 'विचाराधीन' वाचून त्यांना उलट हुरूप आला. त्यांच्यातला एक तर असा निघाला की त्याच्याकडेही आपोआप उत्तर देणारं टूल होतं. माझं टूल म्हणे, आपका पत्र प्राप्त हुआ. त्याचं टूल म्हणे, थँक यू सर, साइट बघायला कधी येता? माझं म्हणे, विषय विचाराधीन है. त्याचं म्हणे, थँक यू सर. दोन यंत्रं दिवसभर एकमेकांशी इतक्या आदरानं बोलत होती की माणसांनी शिकावं. आमचा हा पत्रव्यवहार संकेतस्थळाच्या डोळ्यांवर आला आणि त्यांनी माझं खातं निलंबित केलं.

निलंबित! माझ्या सेवापुस्तिकेत साधी ताकीद नाही, आणि इथं निलंबन. कारण काय, तर 'या खात्याचं वर्तन माणसासारखं वाटत नाही.' आपण माणूस आहात हे सिद्ध करा, अशी खाली ओळ. त्यासाठी वाकडीतिकडी अक्षरं दाखवत होते, ती ओळखून लिहायची. मी डॉक्टरांचं आणि मंत्र्यांचं हस्ताक्षर वाचलेला माणूस, पण ती अक्षरं मला लागली नाहीत. प्रत्येक वेळी उत्तर यायचं, चूक. मग मी माझ्या ओळखपत्राची प्रत पाठवायचं ठरवलं. प्रत साक्षांकित हवी. मी इतरांना साक्षांकित करू शकतो, स्वतःला नाही, तो नियम आहे. म्हणून शेजारच्या सेक्शनमधल्या नायरकडून 'हे तेच गृहस्थ आहेत' असं लिहून शिक्का घेतला आणि सविस्तर निवेदनासह पाठवून दिलं.

ताबडतोब उत्तर आलं. आपली विनंती मिळाली आहे, ती तपासली जात आहे, पुन्हा लिहिल्यास अधिक विलंब लागेल. मला मसुदा आवडला. मी असतो तर एवढाच केला असता. मी नायरला तो दाखवलाही.

घरी आलो तर लतिका म्हणाली, "समताचा फोन लागत नाहीये. कालपासून बंद येतोय."

"मी इकडे निलंबित झालोय आणि तू फोनचं काय घेऊन बसलीस? गुडगावला नेटवर्क नसतं कधीकधी."

"ती लिहिते तिथं बघा ना, काही लिहिलंय का."

"कुठून बघणार? खातं बंद आहे माझं."

चड्ढाला विचारता आलं असतं. पण त्याची मारुती अजून माझ्या स्कूटरला टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सेक्शनमध्ये हशा पिकला होता. डायरेक्टर मॅडम स्वतः आमच्या टेबलाशी उभ्या होत्या, हातात मोबाइल. त्या सहसा हसत नाहीत. मला पाहून म्हणाल्या, "गणवीर जी, आप भी सुनिए. पूरी दिल्ली में घूम रहा है ये. किसी लड़की ने लिखा है." आणि त्यांनी वाचलं:

"नौकरी गई। पापा से पूछा, घर आ जाऊँ? जवाब आया, 'आपका पत्र प्राप्त हुआ। विषय विचाराधीन है।'"

सगळे हसले. नायर टेबलावर हात आपटून हसला. मीही हसलो. सरकारी विनोद होता आणि चांगला होता. अंडर सेक्रेटरींनी विचारलं, हा बाप कुठल्या मंत्रालयातला असेल? कुणी म्हणालं वित्त, कुणी म्हणालं गृह. मॅडम म्हणाल्या, "रुको, आगे भी है," आणि उरलेलं वाचलं, "'कृपया अनुस्मारक न भेजें।'"

पुन्हा हशा. माझं अर्धं हसू तोंडातच राहिलं. ते 'न भेजें' मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं.

"नाम क्या लिखा है लड़की का?" मी विचारलं.

"समता कुछ," मॅडम म्हणाल्या. "क्यों, आप जानते हैं?"

मला वाटतं, मी "जी" म्हणालो. मग उभा राहिलो, पुन्हा बसलो. नायरनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसणं थांबलं. मी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात 'घरेलू कार्य' लिहिलं. तेच लिहितात सगळे. त्यावर मॅडमनी सही करेपर्यंत मी दारात उभा होतो.

मेट्रोत मी तिचा नंबर पुन्हा पुन्हा लावला, बंद. तिनं मला काय लिहिलं होतं ते मला माहीतच नव्हतं. चार शब्द लिहिले होते की सगळी अक्षरं वापरली होती? 'बाबा' असं लिहून सुरुवात केली होती का? ते पत्र एका बंद खात्याच्या पेटीत, सहाशे डीलरांच्या मधोमध पडलं होतं, आणि ते उघडायला मी माणूस आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं होतं. खाजगी नोकरीचं काही खरं नसतं, सरकारी परीक्षा दे, असं मी तिला दर सणाला सांगत आलो. तरी तिनं मलाच विचारलं. लतिकाला नाही, मला.

तिच्या सोसायटीच्या फाटकावर गार्डनं अडवलं. "किससे मिलना है?"

"समता गणवीर."

"काम क्या है?"

"बाप हूँ."

"वो तो ठीक है. काम क्या है?"

मी मंत्रालयाचं ओळखपत्र काढून दाखवलं. त्यानंच शेवटी इंटरकॉमवर विचारलं आणि मला आत सोडलं.

दार समतानंच उघडलं. मैत्रिणी कामावर गेल्या होत्या. खोलीत एक बॅग भरलेली होती, एक अर्धवट. समता जरा वाळली होती, की मला तसं वाटलं. तिनं "बाबा, तुम्ही?" म्हटलं आणि खुर्चीवरचे कपडे घाईघाईनं उचलले, जसे पाहुणे आल्यावर उचलतात.

मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो. वेळापत्रकाचं टूल, डीलर, पोच, निलंबन, नायरचा शिक्का, सगळं क्रमवार सांगितलं. ती ऐकत होती. मधे एकदा हसलीसुद्धा, पाण्याच्या बादल्यांवर. कंपनीनं तिची सगळी टीम एकाच दुपारी काढली होती, मोबाइल कंपनीचा होता तो तिथल्या तिथं काढून घेतला होता, म्हणून तिनं मैत्रिणीच्या लॅपटॉपवरून मला लिहिलं होतं. तिच्या नवीन नंबरचं सिम अजून चालू व्हायचं होतं.

"म्हणजे ते उत्तर मी लिहिलेलं नाही," मी म्हणालो. "ते टूलनं पाठवलं. मी तर पत्र पाहिलंच नाही."

"टूलनं?" ती म्हणाली.

"हो. सगळ्यांना जात होतं तेच."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच लिहिलंत."

"असं कसं वाटलं तुला? बाप मुलीला असं लिहील का?"

"तुम्ही असंच तर बोलता, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मला खरंच वाटलं, तुम्ही विचार करताय. म्हणून मग मी थांबले. रिमाइंडर पाठवू नका म्हणालात, तर नाही पाठवला. तो जोक तर मी नंतर टाकला, खूप रडू येत होतं म्हणून."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर एक टॉवर अर्धा बांधून ठेवलेला होता. त्याच्यावरच्या फलकावरचं डीलरचं नाव मला ओळखीचं वाटलं.

"चल," मी म्हणालो. "आई वाट बघतेय." आई वाट बघत नव्हती. आईला मी काही कळवलंच नव्हतं. पण माझ्या जिभेवर 'मी' आलं नाही, 'आई' आलं.

बॅगा घेऊन आम्ही मेट्रोत बसलो. गाडीला गर्दी बेताची होती. मोठी बॅग मी मांडीवर घेतली, ती म्हणत होती खाली ठेवा, मी ठेवली नाही. मला तिला काहीतरी सांगायचं होतं. तू विचारायचं कारणच नव्हतं, घर तुझंच आहे. असं काहीतरी, पण हे वाक्य मला फार सभेतलं वाटलं. मी ते मनात खोडलं. मग म्हटलं, मला तुझी आठवण येते. हेही खरं होतं, पण ते असं अचानक, गाडीत, कुठल्याही संदर्भाशिवाय कसं सांगणार? तेही खोडलं. सुल्तानपूर गेलं, साकेत गेलं. मी प्रत्येक शब्द उचलून पाहत होतो, आणि जो उचलावा तो फाइलीतला निघत होता. समता समोरच्या काचेत बघत बसली होती. मधेच तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून, काही नाही अशी मान हलवली. ग्रीन पार्क गेलं. एक वाक्य जवळजवळ जमलं होतं. छोटं होतं, साधं होतं, त्यात एकही जड शब्द नव्हता. सुरुवात कुठून करावी एवढंच ठरायचं होतं.

"बाबा," समता म्हणाली, "आय.एन.ए. आलं. उतरायचंय ना?"

मी म्हणालो, "हो."